पाच सेंटिमीटर छाती

आत्ता बसल्या जागी एक करून पाहा. छाती पूर्ण भरून श्वास घ्या आणि धरून ठेवा. त्यातला अगदी थोडा सोडा, तेवढाच परत घ्या. पुन्हा थोडा सोडा, थोडा घ्या. खांदे वरच राहू द्या. आता कल्पना करा, की असेच उठून तुम्हाला चारशे मीटरच्या चार फेऱ्या पळायच्या आहेत, पाच मिनिटं चाळीस सेकंदांत. वेळ संपली की रेषेवर दोरी आडवी धरतात. दोरीच्या अलीकडे राहिलात तर घरी.

समाधान दोन वर्षं असाच पळत होता.

तो मखमलाबादकडचा. घरी झेंडू आणि शेवंती. पहाटे फुलांच्या जाळ्या टेम्पोत चढवायच्या आणि मग पाटाच्या कडेच्या रस्त्यानं पळायचं, हे त्याचं शाळेपासूनचं. फौजेत जायचं, एवढंच डोक्यात. १९९९ साली तो पहिल्यांदा भरतीला उभा राहिला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. धाव सहज निघाली. पुढे छातीचं माप होतं. साधी छाती आणि फुगवलेली छाती यांत पाच सेंटिमीटरचा फरक पाहिजे. समाधानची साधी भरली अठ्ठ्याहत्तर, फुगवून ब्याऐंशी. टेप धरलेला जवान म्हणाला, "और फुलाओ, बेटा." समाधाननं डोळे मिटून सगळा जोर लावला. टेप हलली नाही.

एका सेंटिमीटरनं तो परत आला, तो थेट मल्हारीकाकांच्या दुकानात. मल्हारीकाका गावातले शिंपी, आणि गावात टेप त्यांच्याकडेच.

"एक सेंटिमीटर?" काका म्हणाले. "आरं, एवढी तर मी शर्टात ढिलाईच ठेवतो. फौजवाल्यांना मापं घेता येत नाय."

पण त्यांनी ते मनावर घेतलं. रविवारी त्यांचं दुकान बंद असायचं. समाधानसाठी उघडू लागलं. समाधाननं बनियनवर उभं राहायचं, काकांनी टेप गुंडाळायची आणि ओरडायचं, "भर... भर... आता धर! सोडू नको! सोडशील तर बघ!" ओट्यावर बसलेली माणसंही मग आपापला श्वास धरून बसायची. फरक साडेचार सेंटिमीटर भरला त्या रविवारी काकांनी सगळ्यांना चहा पाजला.

काकांनीच पुढचं सांगितलं, "पळतानाबी छाती फुगलेलीच ठेवत जा. म्हंजी तिला सवय लागंल." समाधानला ते पटलं. आई, नवसाबाई, त्याला पाटावरून येताना पाहायची आणि म्हणायची, "बेडकावानी फुगून चाललाय नुसता. भाकरीला तरी जागा ठेवली का आत?"

पुढच्या वर्षी काकांच्या टेपवर सहा सेंटिमीटर भरले. भरतीत मात्र समाधान त्या टेपपर्यंत पोचलाच नाही. तिसऱ्या फेरीत बरगडीखाली कळ आली, बोटांना मुंग्या आल्या, आणि सहा मिनिटं उलटून गेली तेव्हा तो अजून शेवटच्या वळणावर होता. गावानं निदान केलं: दम कमी पडला. मग दम वाढवायचा, म्हणजे आणखी भरायचा, आणखी धरायचा. आपली भाषाच बघा ना. धापा टाकणाऱ्यालाही आपण 'दम धर' म्हणतो. दम सोड, असं कुणी कुणाला म्हणत नाही.

२००१च्या जानेवारीत शेवटची संधी होती. मार्चमध्ये त्याला एकवीस पूर्ण होणार होती आणि तिथं वय संपत होतं. त्या दिवशी तो कळ दाबत पळाला. दोरी आडवी आली तेव्हा सात-आठ पावलं उरली होती. तो तसाच पुढे आला आणि दोरीवर कोसळला. दोरी मुठीत घट्ट धरून ठेवली. वरून कुणीतरी म्हणालं, "हाथ से नहीं, पाँव से पार करनी थी." लोक हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, असं समाधान सांगतो.

मला तो भेटला २००६ साली. अंबडला आमच्या कारखान्याच्या गेटवर तो सिक्युरिटीला आहे. मी डिप्लोमा करून मेंटेनन्सला लागलो, कॉम्प्रेसर माझ्याकडे. एक दिवस त्यानं थांबवलं.

"साहेब, तुम्ही हवेचं मशीन सांभाळता ना? मग हे सांगा, माणसाला दम लागतो म्हणजे हवा कुठं जाते?"

त्यानं सगळी हकिकत सांगितली. मी उत्साहानं समजावलं. म्हटलं, सिलिंडरमधली जुनी हवा बाहेर पडली नाही, तर नवी शिरणार कुठून? तुम्ही भरलेल्या छातीवरच भरत होता. कागदावर आकृतीही काढून दिली.

मग आम्ही पहिली पाळी सुटली की एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर पळू लागलो. खांदे खाली. तोंड थोडं उघडं, नाकानं आणि तोंडानं दोन्हीकडून. दोन पावलांत घ्यायचा, तीन पावलांत सोडायचा. लक्ष सोडण्यावर, घेणं आपोआप होतं. पोट हलू द्यायचं. आणि बोलता येईल एवढ्याच वेगानं सुरुवात. पहिले काही दिवस त्याची छाती खाली यायलाच तयार नव्हती. मग एका संध्याकाळी तो पळता पळता शेवंतीच्या रोपांबद्दल बोलू लागला, आणि बोलतच राहिला.

दीड महिन्यानं एका कॉलेजच्या मैदानावर मी घड्याळ लावलं. चार फेऱ्या. पाच मिनिटं अठ्ठावीस सेकंद. कळ नाही, मुंग्या नाहीत. सव्वीस वर्षांचा माणूस.

"बघा, किती सोपं होतं!" मी म्हणालो.

त्यानं घड्याळ माझ्या हातातून घेतलं, पाहिलं, परत दिलं आणि मैदानातच बसला. मी काय बोलून गेलो, ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो पळायला आला नाही.

गेटवर अजून भेटतो. एकदा म्हणाला, "काकांना यातलं काही सांगू नका हां, कधी गावाकडं आलात तर. माझ्यासाठी त्यांनी दोन वर्षं रविवारची सुट्टी घालवली." मी मान हलवली. ट्रक आला, त्यानं पावती पाहिली, गेट उघडलं, लावलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं,

"साहेब, त्या शेवटच्या वर्षी मी तुम्ही शिकवलंत तसा श्वास सोडत सोडत पळालो असतो, दोरीच्या आत आलो असतो, तर पुढं टेपला पाच सेंटिमीटर भरले असते का?"