अभिमन आबांची निळी गाडी

नाव: अभिमन वना सोनवणे. वय: सत्तावन्न. मूळ गाव: भडगाव तालुक्यात, गिरणेकाठी. पद: चालक. वाहन: एसटी, निळी. फेरी: तालुक्याचे गाव ते मोहपाणी आणि परत, सकाळी एक, संध्याकाळी एक. प्रवासी: शाळेत जाणाऱ्या मुली, आणि फक्त शाळेत जाणाऱ्या मुली. "गणवेशातील विद्यार्थिनींव्यतिरिक्त अन्य कोणत्याही व्यक्तीस सदर वाहनात प्रवेश देऊ नये" ही सूचना चालकाच्या समोर चिकटवलेली असून चालकास ती पाठ आहे. अपघात: निरंक. व्यसन: चहा. पारितोषिक: स्वच्छ गाडीबद्दल एक थर्मास. तक्रारी: एक, रोज, तोंडी.

ही रोजची तक्रार बिजलीबाईंची. करंजफाट्यावर त्यांची झोपडी आणि तीन शेळ्या. बाजाराला जायचं तर चिंचखेड्यापर्यंत, म्हणजे मुलींची शाळा आहे तिथवर, सहा किलोमीटर चालावं लागतं, आणि डोळ्यांदेखत अर्धी रिकामी गाडी जाते. सहा वर्षं त्या हात करत होत्या आणि सहा वर्षं आबा थांबत होते ते शेजारी उभ्या असलेल्या मुलींसाठी. मुली चढत, बिजलीबाई खाली राहत.

"भो, तुनी गाडी शे का विमान शे?" त्या खिडकीखालून विचारत.

"नियम शे, अक्का," आबा म्हणत.

"नियमले पाय नही का? त्याले चालाले लाव, माले बसू दे."

आबा समोरची सूचना पुन्हा वाचत. नियमाला पाय असल्याचा तिच्यात कुठेही उल्लेख नव्हता.

आबांना मुलींशी बोलायला फारसं जमत नसे. सहावीतली मुलगी चढायची तेव्हा तिचा हात दांड्याला पोचत नसे, म्हणून ते क्लच हळू सोडत. दहावीत गेली की हात पोचायचा आणि गाडी सुटायची. अकरावीपासून मुली दुसऱ्या गाडीने दुसरीकडे जातात, किंवा जात नाहीत. पाच वर्षं रोज दोनदा आरशात दिसणारे चेहरे एका फेब्रुवारीत एकदम बंद होतात, आणि जूनमध्ये त्याच बाकांवर नवी, लहान, खोबरेल लावलेली डोकी येतात. यावर आबांनी स्वतःपुरती एक पद्धत काढली होती. दहावीच्या निरोप समारंभाच्या संध्याकाळी उतरणाऱ्या प्रत्येक मुलीला ते एकच प्रश्न विचारत: "पुढं काय?"

मुली उत्तर देत. पोलीस. नर्स. शिवणक्लास. एकीने "तुमच्यासारखी ड्रायव्हर" असं सांगितलं होतं, तेव्हा गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली. उत्तर खरं झालं का, हे आबांना कधीच कळलं नाही. ते विचारतही नसत. पण उत्तरं त्यांच्या लक्षात होती. जामनेरला बहिणीकडे जाताना चौकात एखादी पोलीस बाई दिसली की ते गाडीतून वाकून तिचा चेहरा बघत. अजून एकही ओळखीची निघालेली नव्हती.

यंदा त्यांना रोशनीचं उत्तर हवं होतं. रोशनी करंजफाट्याची. चालकाच्या मागचं पहिलं बाक पाच वर्षं तिचं. पाच वर्षांत ती एकूण दोन वाक्यं बोलली होती. पहिलं सहावीत, "आबा, आरसा हलला." दुसरं नववीत, "आबा, आरसा पुन्हा हलला." दोन्ही वेळा आरसा खरोखर हललेला होता. इतकं बघणारी मुलगी पुढं काय करणार, याचा आबांनी वाहक लीलाधरपाशी अंदाज मागितला होता.

"शिक्षिका," लीलाधर म्हणाला.

"बोलत नाही रे ती."

"मग इन्स्पेक्टर. आपली गाडी तपासायला येईल."

आबांना हे उत्तर आवडलं होतं, पण ते तिच्याकडून यायला हवं होतं.

समारंभाच्या आदल्या सकाळी बिजलीबाईंनी रोजच्यापेक्षा जास्त तोंडसुख घेतलं. गुडघा दुखत होता आणि बाजारचा दिवस होता. गाडी हलली तशी त्या ओरडल्या, "उद्या बठ्ठ्या बाया लई येस! मंग देखू, कसा थांबस नही!"

सगळ्या बायका घेऊन येण्याची ही धमकी आबांनी मनावर घेतली. रात्री लीलाधरला फोन करून सांगितलं, "उद्या फाट्यावर मोर्चा आहे."

दुसऱ्या दिवशी खालच्या वर्गांना सुट्टी होती. मोहपाणीला नववीच्या चौघी गणवेशात चढल्या. निरोप देणारा वर्ग म्हणून सजावट त्यांच्याकडे होती. त्यातल्या गेंदाने फुग्यांची पिशवी लीलाधरच्या हातात दिली, "भाऊ, तुमना दम मोठा शे," आणि लीलाधर गाल फुगवून कामाला लागला. आबांनी पहाटेच गाडी धुतली होती. समोरच्या काचेला झेंडूची माळ होती. यंदा मोहपाणीची एकही मुलगी दहावीत नव्हती; दहावीच्या सगळ्या करंजफाट्यालाच चढायच्या होत्या.

सव्वानऊला फाटा दिसला. तिथे बायकांचा घोळका उभा होता. जरीच्या, जांभळ्या, पोपटी साड्या, डोक्यात गजरे, आणि सगळ्यांच्या पुढे बिजलीबाई, हात वर. आबांनी गणवेश शोधला. एकही नव्हता. मुली अजून आलेल्या नाहीत, आणि थांबलो तर हा मोर्चा गाडीत घुसेल. पुढे जाऊन वळून येऊ, तोवर मुली येतील, असा त्यांनी हिशेब केला. घोळक्यातून आणखी एक हात वर झाला, बांगड्या भरलेला. आबांनी गिअर बदलला.

दहावीच्या मुली निरोपाच्या दिवशी आईची साडी नेसतात, हे आबांना माहीत होतं. दरवर्षी ते बघत होते. पण दरवर्षी मुली मोहपाणीपासून चढत, गाडीत आधीच दोन-चार साड्या असत, आणि डोळ्याला सवय होई. यंदा डोळ्याला कुणी सूचना दिली नव्हती. डोळ्यासमोर होती ती दुसरीच सूचना.

गेंदा खिडकीतून मागे बघत किंचाळली, "आबा! आबा! त्या दहावीन्या व्हत्यात!"

लीलाधरच्या तोंडातला फुगा सुटून छताला लागला. त्याने दोरी ओढली, एकदा, दोनदा, तीनदा. तीन घंटांचा अर्थ कुठल्याही नियमात नाही.

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. गाडी वळवायला जागा दोन किलोमीटरवर, केळी भरायचे ट्रक उभे राहतात तिथे. आबांनी तिथे गाडी वळवली आणि उलट निघाले. निम्म्या वाटेत समोरून सुकलालचा केळीचा पिकप आला. मागे उभ्या मुली, एका हाताने पिकपचा दांडा आणि एका हाताने पदर धरून, मोठ्याने हसत. आबांनी दिवे लावले, हॉर्न दिला, गरजेपेक्षा जास्त दिला. सुकलालला वाटलं, आबा वाट मागतायत. त्याने अदबीने पिकप कडेला घेतला आणि वेग कमी न करता निघून गेला.

आता पुन्हा वळायला फाट्यापर्यंत जाणं आलं. तिथे बिजलीबाई एकट्या उभ्या होत्या. आबा खाली उतरले. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"अक्का, मला वाटलं तुम्ही बाया घेऊन आल्या."

"बाया नही व्हत्यात त्या," बिजलीबाई म्हणाल्या. "पोरी व्हत्यात तुन्या. आठ वाजापाईन उभ्या. माले म्हने, हात काय करतीस, आबा थांबसच. मीच पिकप थांबाडा." मग आबांचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "जा भो आते. सांजले भेटतीन."

सांजेला पाच वाजता गाडी शाळेसमोर उभी राहिली. आतून भाषणांचा आवाज येत होता. भावी आयुष्यासाठी शुभेच्छा दिल्या जात होत्या. मुली आल्या त्या एकेक गुलाब आणि एकेक पेन घेऊन, साड्या गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेल्या. दारात ज्योत्स्ना थांबली. ही वर्गाची बोलकी.

"आबा, चढू का? आमना गणवेश घर राही गया."

मागच्या पाच जणी फिदीफिदी हसल्या. "आम्ही बाया शेत ना आबा! नियम काय म्हनस?"

"चढा गं," आबा म्हणाले. कान लाल झाले होते. "चुकलं माझं."

आबा चुकलं म्हणाले, यावर गाडीत टाळ्या पडल्या. मग ज्योत्स्नाने मागच्या बाकावर सकाळची सगळी हकीकत नववीच्या मुलींना रंगवून सांगितली. त्यात आबांची गाडी ऐंशीच्या वेगाने गेली होती. प्रत्यक्षात ती चाळीसच्या वर जात नाही. आबा ऐकत होते. आरशात पहिलं बाक रिकामं दिसत होतं. त्यांना वाटलं, मागे बसली असेल, आज मैत्रिणींत.

फाट्यावर एकेक उतरली. "पुढं काय?" ज्योत्स्ना म्हणाली, "वकील. तुमच्यावर पहिली केस." दुसरी म्हणाली कॉलेज, तिसरी ब्युटी पार्लर, चौथीने ज्योत्स्नाकडे बघून "तेच" सांगितलं. पाचवीने आईला विचारून सांगते म्हटलं. सहावी रडायला लागली आणि न सांगताच उतरली.

"रोशनी?"

"ती गेली ना दुपारीच," ज्योत्स्ना खालून म्हणाली. "वरणगावचे मामा मोटारसायकलवर आले होते. अभ्यासाला तिकडंच राहणार. परीक्षेला येईल, पण आमची परीक्षा तालुक्याला. शाळेने जीप ठरवलीय."

"पुढं काय, काही म्हणाली?"

"आम्हाले बी नही सांगं." ज्योत्स्नाने गुलाब कानामागे खोचला. "जाताना म्हणाली, आबांना सांगा, मी हात केला होता."

आबांनी मान हलवली. पाच वर्षांत तिला हात करायची वेळ आली नव्हती.

आगारात लीलाधरने फेरीपत्रक भरलं. सर्व थांबे घेतले. वेळेत. तक्रार निरंक. करंजफाटा, सकाळी चढलेल्या: शून्य. संध्याकाळी उतरलेल्या: सहा. आबांनी सही केली.

करंजफाट्याच्या मुली सात होत्या.