राखेत न सापडलेली सळई

शवागारातल्या दादांची बत्तीस वर्षांची एकच शिस्त होती. प्रेत ताब्यात देताना पायाच्या अंगठ्याची चिठ्ठी मोठ्याने वाचायची, मगच चादर ओढायची. "माझ्याकडची माणसं कधी तक्रार करत नाहीत," असं ते चहा पिताना म्हणत.

दंगलीत गोदाम पेटलं, तेव्हा दोन तरुण आले. एक हिंदू, एक मुसलमान. दोघेही ओळखू न येण्याइतके जळालेले; नावाच्या चिठ्ठ्या पोलिसांनी अंगावरच्या वस्तूंवरून बांधलेल्या. धुताना भिजू नयेत म्हणून दादांनी चिठ्ठ्या काढून खिडकीत ठेवल्या. परत बांधताना अदलाबदल झाली, आणि तशीच प्रेतं घरच्यांच्या ताब्यात गेली.

पाचव्या दिवशी हिंदू तरुणाचे वडील आले.

"दादा, मी वेल्डर आहे. पोराच्या मांडीत स्टीलची सळई होती. लाकडाच्या आगीत ती वितळत नाही. राख तीनदा चाळली. नाही मिळाली."

दादांना चूक उमगली. ते रुग्णालयाच्या साहेबांकडे गेले.

"भंगारवाल्याने उचलली असेल म्हणा," साहेब म्हणाले. "शहर आत्ता कुठे थंडावलंय. तोंड उघडलंत तर तुमची नोकरी गेली, आणि पुन्हा मुडदे पडतील ते वेगळेच."

दादा तिथून थेट त्या दोघांचे अंत्यविधी केलेल्या पुजारी आणि मौलवींकडे गेले. दोघांनी ऐकून घेतलं.

"आमच्या पोराच्या आईला आधी सांगू," मौलवी म्हणाले. "अफवेच्या आधी आपण पोहोचलं पाहिजे."

तिघे मुसलमान तरुणाच्या घरी गेले. सगळं ऐकताच त्याच्या मामाने दाराआडची काठी उचलली. "आमच्या पोराला जाळलंत?" मौलवी उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "आधी मला मार. नकळत झालेल्याचा दोष मेलेल्यावर नाही, आणि मारण्याची परवानगी तुला कोणी दिली?"

आईने पुजाऱ्यांना विचारलं, "त्याला अग्नी देताना कोणी रडलं?"

"वेल्डर. स्वतःचा मुलगा समजून."

"ती काठी ठेव," ती भावाला म्हणाली.

दुसऱ्या सकाळी पोलिसांची परवानगी घेऊन कबर उघडली. वेल्डरने सळई ओळखली आणि आपला मुलगा नेला. त्याच जागी त्या आईच्या मुलाच्या राखेचा घडा पुरला. दोन्ही धर्मगुरू शेवटपर्यंत उभे होते. शहरात दगड उठला नाही. दादांना मात्र त्याच आठवड्यात काढून टाकलं.

ते त्या आईची माफी मागायला गेले. तिने दार अर्धंच उघडलं.

"मी कोणाला मारू दिलं नाही, एवढंच. माफ केलेलं नाही. पुन्हा येऊ नका."

दादा पुन्हा गेले नाहीत.