धुतलेला शर्ट

शालनताई गेल्याचं तिच्या मुलीनं, दीपालीनं, मला दुकानात येऊन सांगितलं. कोल्हापुरात कोर्टासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दीपालीनं आधी मृत्यूचा दाखला काउंटरवर ठेवला आणि मग म्हणाली, "मावशी, दाव्यात आईच्या जागी माझं नाव लावायचं हाय. वकिलांनी अर्ज टाइप करून आणाय सांगितलंय." झोपेतच हृदय बंद पडलं, एवढंच कळलं. नऊ वर्षं मी त्या नावाआधी 'वादी' असं टाइप करत आले होते. त्या दिवशी 'मयत वादी' टाइप केलं... बोट जरा अडलं. मग अर्ज पुरा केला, कारण अशा अर्जाला मुदत असते.

शालनताई हुपरीची. पैंजणांचा कारखाना घरातच, म्हणजे एक खोली आणि काम करणारी दोघं नवरा-बायको. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी चोरीची चांदी वितळवल्याच्या संशयावरून दोन पोलीस तिच्या नवऱ्याला न्यायला आले. "कशापायी?" एवढंच त्यानं विचारलं. उंबऱ्यापासून जीपपर्यंत त्याला मारत नेलं, ती मागून ओरडत धावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात वारला. चोरीची चांदी कधीच सापडली नाही. कागदावर आलं, पळताना पडला. त्याच्या अंगावरचा जो शर्ट जप्त व्हायला हवा होता तो कुणीतरी पिशवीत घालून तिच्याच हातात दिला, आणि इथं तिच्याकडून चूक झाली. हुपरीत कारखान्यातलं काही फेकत नाहीत. केर साठवतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा टबात निवळू देतात, कारण तळाशी चांदीचा कीस बसतो. कामाचे कपडेही त्याच टबात धुवायचे. घरात माणसं जमलेली, रडारड चाललेली, आणि तिनं तो शर्ट उचलून टबात बुडवला. पाणी लाल झालं तेव्हा तिला कळलं.

तिचा सरकारवरचा दावा टाइप करताना हे ऐकलं आणि मी तिला फाडकन बोलले, "अहो, पुरावा होता तो! अक्कल कुठं ठेवली होती?" ती शांतपणे म्हणाली, "हितंच हाय की. तवा जाग्यावर नव्हती." आमची मैत्री तिथून सुरू झाली. तारखेला ती सकाळच्या एसटीनं यायची, माझ्याकडचं स्टूल ओढून बसायची आणि शर्टाची पिशवी झेरॉक्स मशीनच्या वरच्या फळीवर ठेवायची. शर्ट कोर्टात काही उपयोगाचा नव्हता, तरी आणायची. पुकारा झाला की पिशवी काखेत मारून निघायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. "बाई, पंचांगात बी नसत्यात एवढ्या तारखा," असं म्हणून चहा मागवायची, तोही माझ्या नावावर.

दाव्यात भरपाईची रक्कम होती, कारण त्याशिवाय असा दावा होत नाही. तिला हवी होती निकालातली एक ओळ : हे सरकारनं केलं. सरकारचं म्हणणं दुहेरी होतं. पोलिसांनी मारलंच नाही, आणि मारलं असेल तर ते त्या दोघांचं वैयक्तिक कृत्य, सरकारशी संबंध नाही. मी असली कैफियत वाचून सोडून दिली असती. ती मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावायची. "जीप त्येंची, कापडं त्येंची, काठी त्येंची... आन् मारणं तेवढं एकल्याचं व्हय?"

तिच्या उलटतपासणीच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी कोर्टात मागच्या बाकावर बसले. सरकारी वकिलांनी विचारलं, "शर्ट तुम्हीच धुतला. म्हणजे पुरावा तुम्हीच नष्ट केला, खरं ना?" मला वाटलं, आता ही रडणार किंवा भांडणार. ती म्हणाली, "व्हय, धुतला. सवयीनं धुतला. त्येनी बी सवयीनंच मारलं, साहेब. पर सवय एकल्याची नसती. मला सासूनं लावली. त्येस्नी कुणी लावली, ते इचारा की." न्यायाधीशांनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "लई बोललो का वं मी?" मी म्हटलं, "बरोबर तेवढंच बोललीस."

निकाल तिच्या हयातीत लागला नाही. त्या दोन पोलिसांतला एक निवृत्त झाला, आमचे जुने वकील वारले, आता वादीही गेली. प्रतिवादी क्रमांक एक, महाराष्ट्र शासन, तेवढं ठणठणीत आहे. अर्ज मंजूर झाला. दाव्यात आता दीपालीचं नाव लागलंय आणि पुढची तारीखही पडलीय.

गेल्या आठवड्यात दुकान आवरताना फळीवरची ती पिशवी हातात आली. शेवटच्या तारखेला शालनताई ती विसरून गेली होती. शर्टावर नऊ वर्षांच्या एसटीची, कोर्टाची धूळ. झटकायला म्हणून दारापर्यंत गेले आणि थांबले... हुपरीत केरसुद्धा फेकत नाहीत. आत येऊन जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर शर्ट झटकला. जे पडलं ते पुडीत बांधलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि पिशवी परत फळीवर ठेवली. तारखेला दीपाली येईल, तेव्हा पिशवी घेऊनच कोर्टात जाईल.