तन्मणीतला नवा मोती

ताईच्या लग्नाला आता तीन वर्षं होतील. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळे मला जरा जास्तच हुशार समजत होते. मलाही ते थोडंफार खरं वाटायला लागलं होतं. हे मी मुद्दाम आधीच लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचाही हात होता.

मखमलाबादच्या बाजूला आमचं शेत आहे. मोगरा, शेवंती, निशिगंध. आता त्यातली अर्धी जागा रस्त्यात गेली, पण तेव्हा घराच्या तिन्ही बाजूंना फुलंच होती. पहाटे तोडणी, मग ओसरीवर बसून ओवणी, मग आई पाट्या घेऊन फूलबाजारात. मोगऱ्याच्या कळ्या ओवण्यात माझा हात सगळ्यात भराभर चालायचा. त्या ओसरीचा ओला वास मला अजून कधीकधी वाचनालयात बसल्या बसल्या येतो, का ते सांगता येत नाही.

आईकडे सोनं फार नव्हतं, पण एक तन्मणी होती. बारीक मोत्यांचे तीन पदर आणि मधोमध लाल खड्यांचं खोड, म्हणजे पदक. आईचं लग्न झालं तेव्हा मावशीने ती दिली होती. मावशी आईपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आईला तिनेच वाढवलं, आई तिला अक्का म्हणते. मावशीचे यजमान रेल्वेत, राहायला मनमाडला. तिथे तिने शिवणकाम करून हे मोती जमवले होते. देताना एवढंच म्हणाली होती, "मोडायची नाय, बदलायची नाय."

आई ते व्रतासारखं पाळायची. तन्मणी मलमलीच्या फडक्यात, सोन्यापासून वेगळी ठेवलेली. सोनं मोत्याला ओरखडतं म्हणायची. घालायची ती अगदी शेवटी, पावडर-अत्तर सगळं झाल्यावर, आणि आल्यावर काढायची सगळ्यात आधी.

लग्नाला दोन आठवडे राहिले होते. आईने तन्मणी बाहेर काढली तर दोरा पिवळा पडून सैल झालेला. एका पदरातले मोती इकडून तिकडे सरकत होते. मावशी लग्नाला येणार होती. वर्षभरात मोतीबिंदूमुळे तिची नजर फार कमी झाली होती, आणि फोनवर तिचं एकच चाललं होतं, "मला तुझ्या गळ्यात ती बघायचीय गं." आई म्हणाली, "सोमवारी बाजारात गेले की पटवेकऱ्याकडून गाठवून आणीन."

आई शेतात गेली आणि मी विचार केला, ओवायचंच तर आहे. त्यासाठी पटवेकरी कशाला?

मी जुना दोरा कापला. मोती ताटलीत घेतले. फुलांचा दोरा घेतला आणि सवयीने पाण्यातून काढला. आम्ही दोरा नेहमी ओला करतो, म्हणजे कळीचा देठ कापत नाही. सुई मोगऱ्याची, आमच्यातली सगळ्यात बारीक. पहिला पदर कसाबसा झाला. दुसऱ्या पदरात एक मोती अडला. मी सुई फिरवून जोर दिला. टक् असा इतकासा आवाज झाला आणि मोत्याच्या भोकाजवळचा टवका उडाला.

मी उडालेला टवका शोधून ताटलीत ठेवला. मग सगळं फडक्यात बांधलं आणि आईला न सांगता रिक्षाने सराफ बाजार गाठला.

पटवेकऱ्याचं दुकान म्हणजे एका सराफाच्या पायऱ्यांना लागून टाकलेली गादी. बसलेले काका सत्तरीचे असतील. त्यांनी मी ओवलेला पदर बोटांवर घेतला, गाठ बघितली, नाकाजवळ नेला.

"फूलवाल्यांची का गं तू?"

मी मान हलवली.

"गाठ गजऱ्याची आहे. आणि दोरा ओला केलास. फूल संध्याकाळपर्यंत टिकलं की तुमचं काम झालं. ह्याला वीस वर्षं टिकायचंय. भोकात ओल राहिली की दोरा कुजतो, मोती आतून काळवंडतो."

"खोटे असले तर चाललं असतं का?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

ते हसले. दोन मोती माझ्या हातात देऊन म्हणाले, "एकमेकांवर हलकेच घास." बारीक रव्यासारखी खरखर लागली. "खोटा असता तर काचेसारखा घसरला असता. आणि नीट बघ, दोन मोती एकसारखे आहेत का? नाहीत. म्हणूनच खरे."

मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "काका, एक नवा घालून लगेच गाठवून द्या ना. आईला कळायच्या आत."

त्यांनी फडकं परत बांधलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "दागिना मालकिणीच्या डोळ्यांसमोर उघडायचा, मोती तिच्यासमोर मोजायचे आणि तिच्यासमोरच गाठवायचा. माझ्या वडिलांपासून असंच आहे. आईला घेऊन ये."

परत गेले तेव्हा आई शेवंतीत वाकून तण काढत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. तिने हात पदराला पुसले, फुटका मोती तळहातावर घेऊन उन्हात धरला आणि म्हणाली, "अक्काला काय सांगू आता मी?" एवढंच. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गादीसमोर बसलो. काकांनी एकेक मोती मोठ्याने मोजला. मग पांढऱ्या कापडावर दहा-बारा नवे मोती ओतले आणि कापड सावलीतून उजेडाकडे ओढलं. मी एक उचलला, सगळ्यात पांढरा, सगळ्यात गोल.

"हा नको," आई म्हणाली. "लय पांढरा हाय. शेवंतीत कागदाचं फूल खोचल्यागत दिसंल."

ती एकेक मोती जुन्यांच्या शेजारी ठेवून बोटाने फिरवत होती. पाटीतली फुलं निवडताना फिरवते तसंच. शेवटी तिने एक किंचित पिवळसर, जरासा चपटा मोती बाजूला काढला.

"बाई, तुम्ही माझ्या गादीवर बसायला हव्या होतात," काका म्हणाले.

"मग फुलं कोण इकणार, तुम्ही?" आई म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

काकांनी केसासारख्या तारेच्या सुईने रेशमात मोती गाठवले. दर काही मोत्यांनंतर एक बारीक गाठ, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे सांडत नाहीत. तन्मणी आईच्या हातात देताना म्हणाले, "नवा कुणाला ओळखू येणार नाही." खरंच येत नव्हता. येताना रिक्षा द्वारका चौकात अडकून पडली तेव्हा मी हळूच म्हटलं, "मावशीला नाही सांगितलं तर?" आई बाहेरच्या गाड्यांकडे बघत राहिली.

लग्नाच्या दिवशी मावशी कार्यालयात आली ती थेट आईसमोर उभी राहिली. दिसत नव्हतं म्हणून तिने आईच्या गळ्याकडे हात नेला. तिन्ही पदरांवरून बोटं सावकाश फिरवली. नव्या मोत्यावरूनही गेली. थांबली नाहीत.

"जशीच्या तशी ठिवलीस गं बाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

आईने खाली बघितलं. काकांचं म्हणणं खरं ठरलं होतं, कुणालाच काही कळणार नव्हतं. पण आई त्या शब्दांनी आनंदली नव्हती, आणि ते माझ्यामुळे होतं.

"मावशी, एक मोती बदललाय," मी म्हणाले. "माझ्या हातून फुटला. आईची काही चूक नाही."

मावशीचा हात तिथेच राहिला. "कंचा?"

मी तिचं बोट धरून दुसऱ्या पदरातल्या मोत्यावर ठेवलं. तिने तो दोन बोटांत धरून फिरवला.

"कुणी निवडला?"

"आईने."

"बराय की." मग तिने आवाज खाली आणला, आम्हा दोघींनाच ऐकू येईल इतका. "तुझ्या आईच्या लग्नाच्या आधल्या आठवड्यात माझ्या हातनं दोरा तुटला होता. दोन मोती क्वार्टरच्या मोरीत गेले ते गेलेच. मीबी दोन नवे घातले."

आईने मान वर केली. "अक्का! आन् मला म्हणालीस बदलायची नाय?"

"म्हणाले. मला काय म्हाईत, तू इतकं मनावर घेशील?"

"कुठले दोन?"

"आता मला दिसतंय का सांगायला?"

तेवढ्यात गुरुजींनी सगळ्यांना पुढे बोलावलं. कुणीतरी आमच्या हातात अक्षता दिल्या. मावशी मजेत उभी होती. मंगलाष्टकं सुरू झाली, ताईसमोर अंतरपाट होता, आणि आई एका हातात अक्षता धरून दुसऱ्या हाताने गळ्यातला एकेक मोती चाचपून बघत होती.