होकायंत्राखालची तार

त्या फेरीबोटीच्या केबिनमध्ये लोखंड न्यायला बंदी होती. किल्ल्या नाहीत, पकड नाही, छत्रीसुद्धा नाही. बोट चालवणारी बाई स्वतःच्या केसांत पिन लावत नसे, दोरीनं बांधत असे. प्रवासी तिला कॅप्टनबाई म्हणत. निम्मे कौतुकानं, निम्मे चेष्टेनं.

रोज पैलतीरावर कपडे शिवायला जाणाऱ्या शिंप्याची कात्री ती एकदा दारातच काढून घेताना त्यानं विचारलं होतं, "अहो कॅप्टनबाई, सगळी बोटच लोखंडाची. माझ्या कात्रीनं काय घोडं मारलं?"

"बोटीचं लोखंड जागचं हलत नाही," ती म्हणाली. "त्याचा हिशेब करून होकायंत्राखाली दोन बारकी चुंबकं बसवलीत. तुमची कात्री आज इथे, उद्या तिथे. तिचा हिशेब कोण ठेवणार?"

ही शिकवण सासऱ्यांची. जन्मभर त्यांनी सारंग म्हणून ही बोट चालवली. थोरला मुलगा चालवील अशी आशा होती, पण त्या मुलाला धक्क्यावर उभं राहूनच मळमळायचं. सारंगाचा मुलगा आणि पाण्यात पाय घातला की उलटी! त्यानं शेवटी किनाऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. सून बोटीवर तिकिटं फाडायला येत होती. एक दिवस सासऱ्यांनी सुकाणूचं चाक तिच्या हातात दिलं आणि स्वतः बाकावर जाऊन बसले. धाकट्या मुलाला त्यांनी दुसरी बोट दिली. रोज सकाळी एक बोट इकडून निघायची, एक तिकडून. मधल्या पाण्यात ती आणि हे धाकटे भावजी एकमेकांना डाव्या हाताला ठेवून जायचे आणि भोंगा द्यायचे.

चाक सोडताना सासरे एवढंच म्हणाले होते, "धुक्यात पोटाचं ऐकायचं नाही. सुईचं ऐकायचं."

तिनं ते गाठीशी बांधलं. बोटीचं तोंड पैलतीराकडे असताना सुई जिथे थांबे, तिथे होकायंत्राच्या काचेवर लाल रंगाची खूण होती. धुकं पडलं की ती फक्त खूण आणि सुई बघायची. सुई खुणेवर, की बोट वाटेवर. वाटेच्या डाव्या अंगाला खडकांची रांग होती. भरतीला ते दिसत नसत. लोक त्यांना दाढा म्हणत.

तिचा धाकटा भाऊ वायरमन होता. डोकं लगेच तापायचं, म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणत. त्यानं भंगारातून एका ट्रकचा मोठा दिवा आणला आणि ताईच्या बोटीवर बसवायचं ठरवलं. तारेचं भेंडोळं घेऊन तो केबिनच्या दारात आला, तशी ती आडवी आली.

"तार कसली आहे?"

"तांब्याची. तार आणखी कसली असते, ताई?"

"होकायंत्राखालून जाणार?"

"तिथूनच जवळ पडतं. बरं, चुंबक लावून बघ. मग तर झालं?"

तिनं खरंच चुंबक आणवलं. तारेच्या सोललेल्या टोकाला लावलं. ते चिकटलं नाही. मधे लावलं, तरी नाही. भाऊ कमरेवर हात ठेवून हसत उभा होता.

"पास का मी?"

"पास," ती म्हणाली. तार होकायंत्राखालच्या फळीला चिमट्यांनी पक्की बसली.

दिवा खरा लागला तो धुक्याच्या पहिल्या सकाळी. धक्क्यावरून निघाले तेव्हा पाणी स्वच्छ दिसत होतं. निम्म्या वाटेवर धुकं असं आलं की बोटीचं तोंड दिसेना. बाकांवरचं बोलणं थांबलं. फ्यूज मुद्दाम आला होता, आपला दिवा बघायला.

"लाव ताई! त्यासाठीच तर आहे!"

तिनं समोर बघत बघतच बटण दाबलं. पुढे पांढरी भिंत उजळली. मग तिची नजर होकायंत्राकडे गेली. सुई खुणेवरून सरकली होती. चांगलीच.

पाण्याच्या ओढीनं तोंड उजवीकडे गेलं, असं तिला वाटलं. तिनं चाक डावीकडे फिरवलं. हळूहळू सुई खुणेवर आली. ती निवांत झाली.

पण पोट निवांत होईना. इतका वेळ लाट उजव्या कुशीवर येत होती आणि बोट पाळण्यासारखी हलत होती. आता लाट मागून येऊन बोट उचलत होती. पोट म्हणत होतं, तू वळलीस. सुई म्हणत होती, सरळ आहेस. तिनं सुई बघितली. पुन्हा बघितली. खुणेवरच होती.

धुक्यातून भोंगा आला. भावजींचा. उजवीकडून.

"आज भावजी भलतीकडून आले," ती पुटपुटली. "झोपेत चालवतात की काय!"

शिंपी बाकावरून उठून केबिनच्या खिडकीशी आला. "कॅप्टनबाई, ती बोट रोज डाव्या हाताला असते ना?"

"असते. चुकलेत ते."

"ते चुकले ना? नक्की?"

तिला राग आला, आणि रागाच्या खालून थंड काहीतरी वर आलं. दोघांपैकी एक चुकलं होतं. भावजींच्या बोटीवर नवीन काहीच नव्हतं.

"फ्यूज, दिवा बंद कर."

"आत्ता? धुक्यात?"

"बंद कर म्हणते ना!"

त्यानं बटण दाबलं. भिंत विझली. आणि सुई चालू लागली. बोट वळली नव्हती. चाक तिच्या हातात घट्ट होतं. तरी सुई खुणेवरून निघाली आणि लांब जाऊन थांबली.

"लाव."

दिवा लागला. सुई परत खुणेवर आली.

"बंद."

सुई गेली.

दोघंही बघत राहिले. फ्यूजचा चेहरा पांढराफटक पडला. तो खाली वाकून फळीखालच्या तारेकडे बघू लागला.

"तांबं म्हणाला होतास," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं.

"तांबंच आहे गं. नुसतं तांबं काही करत नाही. पण दिवा लागला की त्यातून करंट जातो. करंट गेला की तारेभोवती चुंबकत्व तयार होतं. शाळेत सरांनी दाखवलं होतं. सुईवर तार धरायची, सेल जोडायचा, सुई फिरायची. आम्ही हसलो होतो."

"मग सगळ्या दिव्यांनी सुई फिरायला हवी. केबिनमधला बल्ब आहे की."

"तो बारका, करंट थोडा. आणि त्याच्या दोन तारा शेजारी शेजारी आहेत. एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो. उलट्या दिशेनं. एकीचं दुसरी खोडून टाकते." तो थांबला. "इथे मी एकच टाकली. परतीची वाट बोटीच्या लोखंडातून दिली. ट्रकमध्ये असंच असतं, ताई."

"हा ट्रक आहे?"



तिनं खिडकीतून मागे ओरडून इंजिनवाल्याला इंजिन बंद करायला लावलं. एकदम शांतता झाली. त्या शांततेत डावीकडून आवाज आला. पाणी भरून घ्यावं आणि थुंकून टाकावं, तसा. तो आवाज तिला माहीत होता. सासऱ्यांनी तिला मुद्दाम तिथे नेऊन ऐकवला होता. दाढा.

उजवीकडून भावजींचा भोंगा आला. मघापेक्षा जवळ.

लाट बोटीला दाढांकडे ढकलत होती. थांबलं तर खडक. उजवीकडे वळलं तर भावजींच्या तोंडासमोरून जायचं, आणि त्यांना ही बोट दिसणार नव्हती.

बाकावर कुणीतरी देवाचं नाव घ्यायला लागलं. एक बाई म्हणाली, "गप बसा, कॅप्टनबाईंना ऐकू येऊ द्या."

"दिवा लावतो," फ्यूज म्हणाला. "भावजींना दिसेल तरी."

"लावलास की सुई फिरली. मग मी वळून थांबू कुठे? अंदाजानं? आंधळ्यासारखी?"

"मग..." त्यानं फळीखाली हात घातला. "मग तार लांब नेतो. जितकी लांब, तितका परिणाम कमी."

त्यानं चिमटे ओरबाडायला सुरुवात केली. एक निघेना. त्यानं फळीवर पाय देऊन खेचला. बोटांतून रक्त आलं. सुटलेली तार घेऊन तो खिडकीतून बाहेर डेकवर उतरला आणि ती पुढच्या कठड्यापर्यंत ताणून धरली.

"लाव!"

तिनं बटण दाबलं. सुई हलली. मघाएवढी नाही, पण हलली.

"आणखी लांब!"

"तार एवढीच आहे!"

"मग हात लांब कर!"

तो कठड्यावर ओणवा झाला आणि दोन्ही हात पाण्यावर ताणले. शिंप्यानं धावत जाऊन त्याचा पट्टा धरला. सुई मागे आली, जवळजवळ मूळच्या जागी.

"तसाच राहा! हलू नकोस!"

इंजिन सुरू झालं. तिनं भोंग्याची दोरी ओढली आणि चाक उजवीकडे फिरवलं. डावीकडचा थुंकण्याचा आवाज आता बोटीच्या कुशीशी होता. खाली काहीतरी घासलं. पातळ, पत्र्यावर नख ओढल्यासारखं. एक मूल रडायला लागलं. तिनं चाक सोडलं नाही. लाट मागून बाजूला आली. मग उजव्या कुशीवर आली. बोट पाळण्यासारखी हलली. सुई खुणेकडे सरकत होती.

मग पांढऱ्यातून काळं काहीतरी उभं राहिलं. भावजींच्या बोटीचं तोंड. माणूसभर उंच आणि सरळ यांच्यावरच येत होतं.

"वहिनीऽऽ!" तिकडून किंकाळी आली, आणि ते काळं तोंड एकदम बाजूला कललं. त्यांना दिवा दिसला होता. तिनं उरलंसुरलं चाक फिरवलं. दोन बोटी कुशीला कूस लावून गेल्या. मधल्या पाण्याचा फवारा बाकांवर आला. फ्यूजनं हात आत घेतले नसते तर कोपरापासून गेले असते. हात आत आले, तशी सुई भरकटली.

"दिवा बंद!" ती ओरडली आणि स्वतःच बटण दाबलं. सुई खुणेवर येऊन थांबली.

पुढची वाट ती दिव्याशिवाय गेली, दर श्वासाला भोंगा देत.

धक्क्यावर उतरताना प्रवासी तिच्याकडे बघून जात होते. एका म्हाताऱ्यानं नुसते हात जोडले. तिला ते बघवलं नाही. थोड्या वेळानं भावजीही बोट वळवून मागोमाग आले. उडी मारून केबिनशी आले ते ओरडतच.

"वहिनी, डोळे फुटले होते का? तिकडे काय करत होतात?"

"चुकले," ती म्हणाली. "तार मी तपासून घेतली होती. चुंबक लावून. पण बंद असताना. चालू करून नाही बघितली."

"माझी चूक आहे," फ्यूज म्हणाला.

"तुझी वेगळी. ती तू बघ."

भावजींनी खाली वाकून बोटीच्या अंगावरचा लांब ओरखडा बघितला. हात लावून बघितला. मग बाजूच्या खोक्यावर बसले.

फ्यूजनं बाजारातून नवीन तार आणली. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन त्यानं होकायंत्रापासून दूर, छताच्या कडेनं नेल्या. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या, त्यामुळे काम लांबलं. परतीचे प्रवासी धक्क्यावर ताटकळले. धुकं पातळ होत चाललं होतं. काम झालं तेव्हा ती चाकाशी उभी राहिली आणि सुईवर नजर ठेवून बटण दाबलं.

दिवा लागला. सुई जागची हलली नाही.

तिनं बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा बंद केला. फ्यूज दारात उभा राहून बघत होता.

गिऱ्हाईकाचं गाठोडं घेऊन परतीला आलेला शिंपी धक्क्यावरून म्हणाला, "कॅप्टनबाई, दिवा खराब होईल."

"होऊ दे," ती म्हणाली, आणि परत बटणावर बोट ठेवलं.