तोमासाची ऊब

दोनासियानोच्या गिरणीत वर्षानुवर्षं एकच रीत होती. संध्याकाळी मोठ्या काहिलीत मका चुन्याच्या पाण्यात उकडायचा, खालची लाकडं मागे ओढायची, वर पोती झाकायची आणि पहाटेपर्यंत तसाच मुरू द्यायचा. सकाळी तो मऊ झालेला मका दळला की गावातल्या बायका घमेल्यांतून ओलं पीठ घेऊन जायच्या आणि घरोघर तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, थापल्या जायच्या. मका मुरत असे तोवर भट्टीच्या विटा गरम राहत. नेवादो डोंगराच्या बर्फावरून वारा सुटो की अंगणातला नळ गोठो, उजाडेपर्यंत त्या विटा हाताला ऊन लागत. त्याच विटांना खेटून तोमासाची काचेची पेटी ठेवलेली असे.

तोमासा म्हणजे अजगराच्या कुळातली चांगली पुरुषभर लांब सापीण. ती दोनासियानोच्या बायकोची, एर्मेलिंदाची. एर्मेलिंदा समुद्रकाठच्या उष्ण मुलखातली. तिकडे मक्याच्या कोठारात असा साप असणं म्हणजे घरात लक्ष्मी असणं, कारण उंदीर फिरकत नाहीत. तिची आई वारली तेव्हा भावांनी होडी, जाळी, नारळाची झाडं वाटून घेतली. हिनं कोठारातला साप मागितला आणि झाकणाच्या टोपलीत घालून मांडीवर घेऊन बसने डोंगर चढून आली. शेजारच्या उतारूनं विचारलं, आत कोंबडी आहे का? ती म्हणाली, "कोंबडीच. फक्त अंडी घालत नाही."

गावाला बोलायला काहीतरी लागतंच. मूल झालं नाही म्हणून साप पाळला, असं बायका म्हणायच्या. त्यात थोडं तथ्य होतं, आणि ते एर्मेलिंदालाही ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ती पेटीचं दार उघडून आतल्या वाळूवर उलटा हात ठेवून पाहायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग पेटी दोन बोटं पुढे नाहीतर मागे सरकवायची आणि आतूनच ओरडायची, "ए म्हाताऱ्या, अजून दोन लाकडं घाल. आम्हा दोघींना थंडी वाजतेय."

खरंच दोघींना वाजायची. इतकी वर्षं या गावात काढून एर्मेलिंदाला इथला गारठा कधी मानवला नाही. मका निवडायची तीही त्या विटांना पाठ टेकून.

शेवटी त्या गारठ्यानंच तिला नेलं. जानेवारीत खोकला छातीत उतरला तो वर आलाच नाही. जायच्या आदल्या दिवशी तिनं दोनासियानोचा हात धरला.

"तोमासाला गारठू देऊ नको," ती म्हणाली. "तिच्यात स्वतःची ऊब नसते. आपणच द्यावी लागते."

"देईन," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्या घटकेला तिनं चंद्र मागितला असता तरी तो हो म्हणाला असता.

मातीला सगळं गाव आलं. घरात शवपेटी जिथं ठेवली होती त्या जागी रिवाजाप्रमाणे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला, फुलं वाहिली. नऊ संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना व्हायची, मग तो क्रूस उचलून कबरीवर न्यायचा. तोवर गिरणी बंद. हे कुठं लिहिलेलं नाही, पण दोनासियानोची थोरली बहीण क्रेसेन्सिया नऊ दिवसांसाठी राहायला आली होती, आणि ती असताना लिहून ठेवायची गरजही नसते.

पहिले दिवस माणसांच्या वर्दळीत गेले. भट्टीत साठलेली ऊब हळूहळू ओसरली. मग एका सकाळी दोनासियानो आत गेला आणि त्यानं बायकोसारखा वाळूवर उलटा हात ठेवला. वाळू गार होती. तोमासा कोपऱ्यात वेटोळं करून पडली होती आणि हात लावला तरी हलली नाही.

तो बहिणीकडे आला. "ताई, भट्टीत थोडी लाकडं घालतो. दळण नाही, नुसती आग."

"धूर तो धूर. वरून कुणाला दिसतंय खाली दळण आहे की नाही?" क्रेसेन्सिया म्हणाली. "क्रूस जमिनीवर असताना गिरणीतून धूर निघाला, तर लोक म्हणतील, बायको मातीत जिरली नाही तोच हा कमवायला बसला. आणि तेही कुणासाठी, तर सापासाठी."

"लोक विसरतील."

"न्हावी एउसेबिओनं आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं होतं. तू विसरलास?"

दोनासियानो विसरला नव्हता. तो स्वतःच त्या न्हाव्याला हसला होता. जनाची नाही तर मनाची तरी धरावी, असं म्हणतात. त्यानं जनाचीच धरली.

मग त्यानं पळवाटा शोधल्या. दुकानातून दिवा आणून पेटीत टांगला. पेटी मिठाईच्या दुकानासारखी लखलखली, पण दिव्याला हात लावला तर तो थंडगार. तापणारे जुने दिवे आता येतच नाहीत, हे वीज खात नाहीत, असं दुकानदारानं कौतुकानं सांगितलं. मग त्यानं एर्मेलिंदाची जाड लोकरी शाल काढली आणि तोमासाला त्यात गुंडाळलं. तेवढ्यानं त्याला समाधान वाटलं. बिचारा. माणूस पांघरुणात उबतो तो स्वतःच्याच उबेनं, आणि बायकोनं जाता जाता नेमकं तेच सांगितलं होतं.

त्या घरात रडायला आलेल्या कुणाला उपाशी पाठवायचं नाही, अशी पद्धत. प्रार्थनेला आलेल्या बायकांना मक्याच्या सालपटांत उकडलेले तामाले आणि गरम कॉफी, त्यांच्या मागोमाग आलेल्या कुत्र्यांनासुद्धा काहीबाही. दोनासियानोच्या मनात आलं, सगळं गाव जेवून जातं आणि सुतकातलं घरचंच जनावर तेवढं उपाशी. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीच्या काचेवर ऊन आलं होतं तेव्हा त्यानं सापळ्यातला एक जाडा उंदीर पेटीत सोडला. तोमासानं सावकाश, जड जबड्यानं तो गिळला. ते पाहून त्याला इतका आनंद झाला की बायको गेल्यापासून तो पहिल्यांदा मोकळेपणी रडला.

रविवारी गिरणीला सुट्टी, म्हणून शनिवारी काहील चढत नसे. शनिवारी एर्मेलिंदा तोमासाला कधीच खायला देत नसे. हे त्यानं कितीतरी वर्षं पाहिलं होतं. का देत नाहीस, एवढं मात्र कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर कडाक्याच्या थंडीत दव गोठलं. अंगणातलं गवत दोन सकाळी पांढरं झालं. दुसऱ्या सकाळी पेटीत घाण वास सुटला होता. गारठलेल्या पोटात उंदीर पचलाच नव्हता, तसाच सडला होता. तोमासानं तो ओकून टाकला होता आणि ती तोंड उघडं टाकून पडली होती. शाल भिजली होती.

दोनासियानोनं बहिणीला विचारलं नाही. त्यानं लाकडं रचली, काहील चढवली, मका घातला, चुना घातला आणि भर दुपारी भट्टी पेटवली. क्रेसेन्सिया दारात येऊन उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत गेली. धूर धुरांड्यातून सरळ वर गेला. सगळ्या गावानं पाहिला असणार.

संध्याकाळी प्रार्थनेच्या बायका आल्या तेव्हा तो विटांना पाठ लावून, तोमासाला मांडीवर घेऊन बसला होता. आता बोलणी बसतील म्हणून त्यानं मान खाली घातली. बायकांतली सगळ्यांत म्हातारी, जिच्या जिभेला सारं गाव भीत असे, ती आत आली आणि तिनं भट्टीवर दोन्ही हात धरले.

"आज कुठं जरा ऊब आली या घरात," ती म्हणाली. "आधीच पेटवायची होतीस, बाबा."

बाकीच्याही एकेक करून आत सरकल्या, आणि प्रार्थना त्या दिवशी तिथंच झाली. ज्या लोकांना दोनासियानो इतके दिवस भ्याला, ते हेच होते.

सकाळी विटा ऊन होत्या, वाळू ऊन होती, तोमासाही हाताला ऊन लागत होती. पण ती ऊब विटांची होती.

नवव्या दिवशी क्रूस उचलला. चुना, सुकलेली फुलं, मेणबत्त्यांची बुडं असं सगळं लाकडी खोक्यात भरून कबरीवर न्यायचं असतं. खोकं दोनासियानोनं पहाटेच भरून वर फुलं पसरून ठेवलं होतं. ते घेऊन जायचा मान क्रेसेन्सियाचा. तिनं ते उचललं आणि थबकली. चुना आणि फुलं एवढी जड नसतात. तिनं भावाकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली नाही.

तिनं खोकं नीट बगलेत घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली. वाटेत दोघांनी घ्यायला हात पुढे केला, तिनं दिलं नाही.

क्रूस पुरायला कबरीवर खणलेल्या खड्ड्याशी ती गुडघ्यांवर बसली, खोकं भावाच्या हातात दिलं आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "सावकाश ठेव. थंडी दोघींनाही सोसत नव्हती."