भागीरथीचं ताट

आमच्या धाकट्या जावेला, भागीरथीला, सगळं सापगाव गरीब गाय म्हणायचं. मला हसू यायचं. एका चुलीवर तिच्यासोबत जन्म काढला मी, मला विचारा. बोलायची कमी, एवढंच. एकदा मनानं घेतलं की देवाच्या बापाला ती हलायची नाय.

तिचं माहेर वैशाखरे गावात. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली ज्येष्ठात तिला पहिली मुलगी झाली, काशी. आमच्या सासूनं, गीताबाईनं, बाळंतिणीसाठी पावसाआधीच कल्याणच्या बाजारातनं सुकी मोरी आणून ठेवली होती. मोरी म्हणजे मुशी मासा, चिरून, खारवून वाळवलेला. त्याच्या रश्श्यानं अंगावर दूध उतरतं, असं आमच्याकडं मानतात. सासूला आमी आत्याबाई म्हणायचो. रोज वाटीभर रस्सा आणि जवळ्याची, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीची, चटणी भागीरथीपुढं ठेवायच्या आणि ताट रिकामं होईस्तोवर समोरनं उठायच्या नायत. मुलगी झाली म्हणून नाक मुरडणारी बाई ती नव्हती, हे आधीच सांगते. जीव लावायच्या, पण त्यांच्या जीव लावण्यातही हुकूम असायचा.

महिना होतो न होतो तोच पोर रडायला लागली. पाय पोटाशी घेऊन, निळी पडेस्तोवर. गालावर आणि कोपराच्या घडीत लाल चट्टे उठले. एक दिवस लंगोट धुवायला घेतला तर त्यात शेंबडासारखं काहीतरी आणि रक्ताची रेघ. मी तो तसाच नेऊन भागीरथीला दाखवला. तिनं पाहिलं आणि पोरीला घट्ट धरून बसली.

धाऊ भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकून बघितले, पोरीच्या मनगटाला काळा दोरा बांधला आणि बरी झाली की कोंबडा द्यायचा, असं कबूल करून घेतलं. इकडं श्रावण लागला. आमच्या घरात श्रावणापासून गणपती जाईपर्यंत मासळी शिजत नाय, मग घरात बाळंतीण असो की राजाची राणी. मोरीचं गाठोडं शिंक्यावर गेलं. आणि श्रावण अर्धा सरला तशी पोर निवत गेली. चट्टे वाळले, लंगोट स्वच्छ, पिऊन गाढ झोपायला लागली. धाऊ भगत मिशीला पीळ देत गावभर हिंडला. मीही त्याच्यापुढं हात जोडले, खोटं कशाला बोलू.

गौरी-गणपती गेले. आत्याबाईंनी हौसेनं मोरी शिजवली, धाऊचा कोंबडाही त्याला पोचला. आणि आठवडाभरात पोर पुन्हा रडायला लागली. या खेपेला रक्त जास्त. हाताला हाडं लागायला लागली, नीट सावरलेली मान पुन्हा लटलट हलायला लागली. धाऊ म्हणाला, माझा दोरा शाबूत आहे, दोष दुधात आहे. मग आत्याबाईंनी भागीरथीचं दूध वाटीत काढून घेतलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली तर दूध नासकं. मुंगी मेली. अगो, मुंगी पाण्यातसुद्धा बुडून मरते. पण तेव्हा कुणाच्या डोक्यात ते येतंय?

ठरलं. पोर अंगावरून तोडायची. माझा दीर महादू, भागीरथीचा नवरा, शहापूरच्या बाजारातनं बकरी आणणार, आणि पोरीला बोळ्यानं दूध पाजायचं. एवढं खंगलेलं पोर कापसाचा बोळा चोखून जगलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. आत्याबाईंनीही नव्हतं. पण नासकं पाजण्यापेक्षा ते बरं, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांना वाटलं की घराला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमी दोघी ओहोळावर धुणं धूत होतो. भागीरथी एकदम म्हणाली, "जाऊबाई, पोर बरी होती तेव्हा आपण काय खात नव्हतो?"

"मासळी," मी म्हणाले.

"आणि ती परत कधी बिघडली?"

माझ्या हातातलं धुणं तसंच राहिलं.

"मी खाते ते तिच्या पोटात जातंय," ती म्हणाली. "तिला ते सोसत नाय."

घरी येऊन तिनं आत्याबाईंना सांगितलं. त्या भडकल्या. "मासळीनं दूध येतं गो, पोर नाय मरत. सगळा मुलूख मासळीवर वाढलाय, तुझीच पोर काय निराळी?" महादू भावजी खाली बघत बसले. त्यांचा पोरीवर जीव होता, पण आईपुढं त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

मग आमच्या गरीब गाईनं काय केलं? गावदेवीला गेली. देवळात बायका जमलेल्या, आत्याबाईही तिथंच. सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "काशी चालायला लागेपर्यंत मासळी माझ्या तोंडात जाणार नाय. ही तुझी आण." आत्याबाईंचा चेहरा लालबुंद झाला, पण देवीपुढं घेतलेली आण मोडायला कोण सांगणार? तिथंच ती त्यांच्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "घट बसेपर्यंत पोर माझ्याकडं राहू द्या. तोवर बरी नाय झाली, तर मीच तिला तोडीन."

पितृपंधरवडा असा काढला आमी की शत्रूवर ती वेळ येऊ नये. भागीरथी भात, वरण आणि लसूण-खुरासणीची चटणी एवढंच खायची. रोज सकाळी आमी लंगोट उजेडात धरून बघायचो. रक्त होतंच. आज थांबेल, उद्या थांबेल, करता करता घट अगदी तोंडावर आले. पोरीचं रडणंही आता बारीक झालं होतं, मांजराच्या पिलासारखं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

घटाच्या आदल्या सकाळी भागीरथी मला म्हणाली, "माझंच चुकलं, जाऊबाई. ह्यांना सांगा, बकरी आणा म्हणावं." मला तिच्याकडं बघवत नव्हतं म्हणून मी मागच्या पडवीत गेले.

तिथं आत्याबाई पाट्यावर भागीरथीची चटणी वाटत होत्या. मला बघून त्यांनी हाताखालची चिंधी झटकन पदराखाली घेतली. मी ती ओढली. आत भाजून कुटलेला जवळा, पिठासारखा बारीक. बाकी घर मासळी खात होतं, घरभर वास असायचाच, त्यात चटणीतला चिमूटभर जवळा कुणाला कळणार?

"हे रोज घालता?" मी विचारलं.

"आण तिनं घेतलीय, मी नाय," त्या म्हणाल्या. "पाप लागलं तर मला लागू दे. तिचं दूध आटलं तर पोर जाईल ना गो."

उभ्या जन्मात मी सासूला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "पोर जातीय ती तुमच्या ह्या चटणीनं जातीय," म्हणाले आणि पाट्यावरची सगळी चटणी उकिरड्यावर फेकली. वळून बघते तर दारात भागीरथी. मला वाटलं आता रडेल, ओरडेल. ती आत्याबाईंकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आजपासून माझं ताट जाऊबाई वाढतील."

घट बसले. बकरीचं नाव कुणी काढलं नाय, आत्याबाईंनी तर नायच. दसऱ्याला लंगोटात रक्त नव्हतं. मी तो धुतलाच नाय, आधी भावजींच्या नाकाखाली नेऊन धरला. मोठा बाप्या माणूस, ढसाढसा रडला.

दिवाळीपर्यंत काशीच्या मांडीला वळ्या पडल्या. भागीरथी तिला आत्याबाईंकडं द्यायची, ओठावर उणा शब्द नाय, पण जेवायची माझ्याच हातचं. आत्याबाई ताटाकडं बघायच्या आणि उठून अंगणात जायच्या. मला राग होता, तरी ते बघवायचं नाय.

एका दुपारी त्या पाय पसरून पोरीला तेल लावत बसल्या होत्या. पोर खिदळत होती. त्यांचा हात मधेच थांबला.

"माझ्या दोघी अशाच गेल्या," त्या म्हणाल्या. "महादूच्या आधीच्या. असंच रक्त पडायचं. सासू मला मोरी घालायची, आणि मला आवडायची, मी मागून मागून खायची." आमच्या कुणाकडं बघून त्या बोलत नव्हत्या. "कुणी सांगितलंच नाय गो मला."

आमच्या घरात त्या दोघींचं नाव तोवर कुणी घेतलं नव्हतं. मी उठले, भागीरथीचं ताट घेतलं आणि भात वाढायला वाकले.

भागीरथीनं माझा हात धरला. "राहू द्या, जाऊबाई," ती म्हणाली, आणि पोरीला उचलून घेत सासूकडं वळली. "आत्याबाई, मला भूक लागलीय. तुमी वाढा."

आत्याबाईंनी तेलाचे हात धुतले आणि वाढायला घेतलं.